पेंढ्यांतील साखर

चिंचोटीच्या खाचरांतील भाताची झोडणी आटोपली, म्हणजे दाणा घरांत येतो व पेंढ्याच्या उडव्या उभ्या राहतात. आमच्या विद्यार्थ्यांनीं त्या नित्य पाहिल्या आहेत. परंतु त्यांत साखर दडलेली आहे असें सांगितल्यास त्यांस नवल वाटेल.

तांदुळांतील पिष्ट आणि पेंढ्यांतील सेल्युलोज हीं दोन्ही ग्लुकोज नामक साखरेचेच कण जोडून झालेलीं असतात. भेद इतकाच कीं, सेल्युलोजमध्यें ही जोडणी निराळी व घट्ट असून भोंवतीं लिग्निन नांवाच्या चिवट द्रव्याचें वेष्टण असतें. म्हणून मनुष्यास भात पचतो, पेंढा पचत नाहीं. गाईस तो पचतो, कारण तिच्या पोटांतील सूक्ष्म जंतु ती जोडणी सोडवितात.

हेंच काम कारखान्यांत साधावें, असा प्रयत्न मुंबईस माटुंगा येथील रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं केला. मुंबई विद्यापीठानें १९३३ सालीं काढलेल्या विभागांतून ही संस्था वाढली व २००८ सालीं तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. प्रथम पेंढ्यांतील लिग्निन वेगळें करावयाचें. मग विकरें, म्हणजे जंतूंपासून मिळणारीं पाचक द्रव्यें, घालून सेल्युलोजची साखर करावयाची. शेवटीं ती यीस्टनें आंबवून मद्यार्क काढावयाचा. हा मद्यार्क पेट्रोलांत मिसळतां येतो. ह्या पद्धतीचा, दररोज १० टन काडीकचरा घेणारा प्रात्यक्षिक कारखाना एप्रिल २०१६ मध्यें उत्तराखंडांतील काशीपूर येथें सुरू झाला.

ह्याचा लाभ काय? पंजाब व हरियाणांत भात काढल्यावर गव्हाच्या पेरणीस थोडेच दिवस उरतात. म्हणून कित्येक शेतकरी पेंढा शेतांतच जाळितात व तो धूर दिल्लीपर्यंत पोंचतो. त्या पेंढ्याचें इंधन झालें, तर हवा स्वच्छ राहण्यास साहाय्य होईल. शिवाय मद्यार्क जळतांना निघणारा कार्बन डायऑक्साइड रोपानें वाढतांना हवेंतूनच घेतलेला असतो. खनिज तेलाचा मात्र भूगर्भांतून नवा येऊन हवेंत भर घालितो.

तथापि पेंढा फुकट, म्हणून इंधनही फुकट, असें कोणीं समजूं नये. तो गोळा करून वाहून नेण्यास इंधनच लागतें, विकरांस पैसा पडतो, आणि जमिनीसही कांहीं अंश परत द्यावा लागतो. आमच्या उडवीवर तर पहिला हक्क गोठ्यांतील जनावरांचा. जें अन्यथा जळून वायां जाईल, त्याचेंच इंधन करावें. जनावरांच्या तोंडचा घास काढून नव्हे.

पालकांस एक विनंती. गाय पेंढा कसा पचविते, असें मुलानें अगर मुलीनें विचारल्यास त्यांस गप्प बसवूं नये. ह्याच प्रश्नाच्या उत्तरासाठीं विद्वान वर्षानुवर्षें खपत आहेत. आणि त्यांची प्रयोगशाळा वसईहून आगगाडीनें सहज गांठतां येण्याजोगी आहे.