पोहरादेवीची यात्रा आणि परवडणारा रोल

रामनवमीला पोहरादेवीला बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. तिथं १२० चा कृष्णधवल रोल न्यायचा, तर स्वस्त कोणता? नुसती रोलची किंमत बघू नका, एका फोटोमागचा खर्च काढा. ६×६ च्या कॅमेऱ्यात एका रोलवर १२ फोटो निघतात, ६×४.५ मध्ये १६. चैत्रातल्या उन्हात १०० आयएसओ पुरतो; अपर्चर १६, शटर १/१२५. म्हणून फोमापान किंवा केंटमिअर १०० घ्या, ते कोडॅकपेक्षा सहसा स्वस्त पडतात. उटीचा ‘इंदू’ आता बनत नाही. जुना साठा मिळाला, तर तो सरावाला वापरा. मुदत संपलेल्या रोलवर धुकटपणा येऊ शकतो, आणि हुकलेली यात्रा थेट पुढच्या रामनवमीलाच! आणि हो, रोल सावलीतच भरा.