हाली सिक्का

हाली सिक्का किंवा उस्मानिया सिक्का हे हैदराबाद संस्थानाचे स्वतंत्र चलन होते. आजचा परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असल्याने तेथील शेतसारा, बाजारहाट आणि सावकारी यांचे हिशेब याच चलनात होत. रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै ही विभागणी ब्रिटिश हिंदुस्थानातील रुपयासारखीच होती. मात्र दोन्ही रुपयांचे मोल सारखे नव्हते.

== नाव ==
'हाली' म्हणजे सध्या चालू असलेला. मराठीतील 'हल्ली' हा शब्दही त्याच अरबी मुळाचा आहे. ब्रिटिश रुपयाला मराठवाड्यात 'कलदार' म्हणत. 'कल' म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला तो कलदार. पुढे हाली रुपयाही यंत्रावर पडू लागला, तरी बोलण्यात हा भेद टिकून राहिला.

== नाण्यांची घडण ==
संस्थानात पूर्वी ठिकठिकाणी टाकसाळी होत्या. पहिल्या सालारजंगांच्या दिवाणगिरीत (१८५३–१८८३) नाणी पाडण्याचे काम हैदराबादच्या टाकसाळीत केंद्रित करण्यात आले. जुन्या पद्धतीत चांदीचा तुकडा ऐरणीत बसवलेल्या ठशावर ठेवून त्यावर दुसरा ठसा धरीत आणि हातोड्याचा घाव घालीत. ठसा तुकड्यापेक्षा मोठा असल्यामुळे नाण्यावर मजकुराचा काही भागच उमटे, आणि कड सरळ नसल्यामुळे ती कातरून चांदी चोरणे सोपे जाई.

१८९५ मध्ये युरोपातून यंत्रे आणण्यात आली आणि १९०३ मध्ये टाकसाळ सैफाबाद येथे हलवली गेली. यंत्रावर नाणे पाडण्याचे मुख्य टप्पे पुढीलप्रमाणे असतात:

* ठरलेल्या प्रमाणात धातू मुशीत वितळवून त्याच्या कांबी ओततात.
* कांबी रुळांमधून दाबून नाण्याच्या जाडीच्या पट्ट्या करतात.
* पट्ट्यांतून कोऱ्या चकत्या कापतात व त्यांची कड किंचित उचलून घेतात.
* चकत्या तापवून मऊ करतात आणि सौम्य आम्लात धुऊन स्वच्छ करतात.
* चकती कड्यात बसवून वरच्या व खालच्या ठशांमध्ये दाबतात. दोन्ही बाजू आणि कडेवरच्या रेघा एकाच दाबात उमटतात.

कडेवरच्या या रेघांमुळे नाणे कातरले गेल्यास ते लगेच ओळखू येते. या काळातील रुपयावर चारमिनार आहे. त्याच्या कमानीत मीर महबूब अली खान यांच्या नाण्यांवर 'मीम' आणि मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यांवर 'ऐन' हे त्यांच्या नावांचे आद्याक्षर दिसते. चवली (दोन आणे), पावली (चार आणे) आणि अधेली (आठ आणे) ही नाणीही चांदीचीच होती.

== सात हाली, सहा कलदार ==
हाली रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅम असून त्यात शेकडा ८१.८ चांदी असे. कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा होता व त्यात शेकडा ९१.७ चांदी असे. म्हणजे हाली रुपयात सुमारे ९.१४ ग्रॅम, तर कलदारात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी होती. सात हाली रुपयांतील चांदी जवळपास ६४ ग्रॅम भरते, आणि सहा कलदारांतीलही तेवढीच. सात हालीला सहा कलदार हा रूढ झालेला दर चांदीच्या या प्रमाणाशी जुळतो.

== परभणीतील व्यवहार ==
हिंगोली १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्याची उत्तर सीमा वऱ्हाडाला भिडत होती. वऱ्हाडात कलदार चाले. त्यामुळे सीमा ओलांडताच चलन बदले. ३५० हाली रुपये घेऊन निघालेल्या माणसाला पलीकडे ३०० कलदार मिळत. वर बदलून देणाऱ्याचा बट्टा वेगळा. बाजारातला भाव कमीजास्त होत असल्याने हिशेब न जाणणाऱ्याचे नुकसान होण्याचा धोका असे.

== कागदी नोटा ==
पहिल्या महायुद्धात चांदी टंचाईची व महाग झाली. १९१८ च्या कायद्याने संस्थानाने १० व १०० रुपयांच्या नोटा काढल्या. १९१९ मध्ये १ व ५ रुपयांच्या आणि १९२६ मध्ये १००० रुपयांची नोट आली. नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कन्नड व इंग्रजीतही मूल्य छापलेले असे.

नोटा प्रथम लंडनच्या वॉटरलो अँड सन्स या कंपनीने छापल्या. २० मे १९२२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या 'इजिप्त' या जहाजावर अशा नोटांचा साठा होता. १९३० नंतरच्या शोधमोहिमेत त्यांतील काही पाण्याबाहेर काढण्यात आल्या. नाशिकच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जाऊ लागल्यावर हैदराबादच्या नोटांचे कामही पुढे तेथे आले.

नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याऐवजी कापसाच्या तंतूंपासून करतात, म्हणून तो घड्या सोसतो. कागद ओला असतानाच त्यात जलचिन्ह उमटवतात. खोल कोरलेल्या धातूच्या पत्र्यातील शाई मोठ्या दाबाने कागदावर घेतल्यामुळे अक्षरे बोटाला उंच लागतात. शेवटी क्रमांक छापून, तपासणी करून नोटा कापतात.

== चलनाचा शेवट ==
१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानातील निजामाचा अंमल संपला. १९५० मध्ये टाकसाळ भारत सरकारकडे आली आणि सातास सहा या दराने भारतीय रुपया हालीच्या जोडीने चालू लागला. त्यानंतरच्या दशकात हाली चलन टप्प्याटप्प्याने व्यवहारातून गेले. ७०० हालीचे कर्ज ६०० भारतीय रुपयांचे झाले. आकडा घटला तरी देणे तेवढेच राहिले.

मराठवाड्यातील जुनी खरेदीखते व कर्जरोखे वाचताना याचे भान ठेवावे लागते. रक्कम 'हाली' असल्यास तिला सहाने गुणून सातने भागले म्हणजे कलदार रक्कम मिळते. तारीख फसली सनात असल्यास त्यात ५९० किंवा महिन्यानुसार ५९१ मिळवल्यावर इसवी सन येतो.