हरित हायड्रोजनचा सारा भार एका पडद्यावर

आसाममधल्या जोरहाट पंप स्टेशनमध्ये ऑइल इंडियाने एप्रिल 2022 मध्ये हरित हायड्रोजनचा छोटा प्रकल्प सुरू केला. सुरुवातीची क्षमता रोज अवघी 10 किलो. सौर विजेवर चालणाऱ्या तिथल्या 100 किलोवॉटच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये कळीचं काम करतो तो एक पातळ पडदा.

विजेने पाण्याचं विघटन होतं, हे निकल्सन आणि कार्लाइल यांनी लंडनमध्ये 1800 सालीच दाखवलं. ऋणाग्रावर हायड्रोजन, धनाग्रावर ऑक्सिजन. मात्र हे दोन वायू पुन्हा एकत्र आले, तर एका ठिणगीने स्फोट होतो. जुन्या अल्कली पद्धतीत दोघांमध्ये सच्छिद्र पडदा असतो. ढग येऊन सौर वीज घटली, की वायूंची निर्मिती मंदावते. पडद्यातून होणारी गळती मात्र तेवढीच राहते आणि मिश्रणाचा धोका वाढतो.

आयन-विनिमय पडदा आयनांना वाट देतो आणि वायूंना बऱ्याच अंशी अडवतो. 1960च्या दशकात ड्यूपॉन्टमध्ये तयार झालेल्या नॅफिऑन या पडद्यातून प्रोटॉन पलीकडे जातात. वीज कमी-जास्त झाली तरी हे यंत्र चटकन जुळवून घेतं. पण आतलं वातावरण आम्लधर्मी असल्याने धनाग्राला इरिडियम लागतं. ते जगभरात वर्षाला दहा टनही निघत नाही आणि बहुतांश दक्षिण आफ्रिकेतून येतं.

जोरहाटच्या पडद्यात उलटा प्रवास होतो. ऋणाग्रापाशी पाण्यापासून हायड्रोजन सुटतो, उरलेले हायड्रॉक्साइड आयन पडदा ओलांडून धनाग्राकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन मोकळा होतो. वातावरण अल्कधर्मी असल्याने निकेलसारख्या स्वस्त धातूवर भागतं. दुखणं एकच: हेच हायड्रॉक्साइड आयन पडद्याच्या रासायनिक साखळ्यांवर हल्ला करतात आणि त्याचं आयुष्य घटवतात.

एक किलो हायड्रोजनसाठी नऊ लिटर पाणी आणि साधारण 50 ते 55 युनिट वीज लागते. देशाचं 2030 सालचं उद्दिष्ट आहे वर्षाला 50 लाख टनांचं, म्हणजे किमान 25,000 कोटी युनिट. एवढ्या पसाऱ्यात वीज वाचवणारा आणि वर्षानुवर्षं टिकणारा पडदा हवाच. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनच्या 19,744 कोटी रुपयांपैकी संशोधनासाठी ठेवले आहेत 400 कोटी. हा वाटा वाढला पाहिजे. नाहीतर ऊन आपलं, पाणी आपलं आणि पडदा मात्र आयात केलेला, अशी पाळी येईल. तेलाच्या आयातीतून सुटण्यासाठी निघालेल्या देशाला ते परवडणारं नाही.