राज्याच्या उत्पन्नाचा अंदाज

भाईंदरचें नांव निघतांच जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढें मिठाचे शुभ्र ढीग उभे राहतात. पूर्वेकडील खाडीकांठच्या मिठागरांत समुद्राचें पाणी कोंडून तें उन्हानें आटवीत व पाऊस येण्यापूर्वीं मीठ उचलून घेत. यंदा मीठ किती पिकेल याचा अदमास मिठागरवाल्यास आधींच बांधावा लागे; कारण मजूर किती लावावयाचे हें त्यावरच अवलंबून असे. सरकारासही दरवर्षीं असाच अदमास बांधावा लागतो. येत्या वर्षीं करांपासून किती पैसा येईल हें ठरविल्यावांचून शाळा, रस्ते व दवाखाने यांवर किती खर्च करावा हें ठरत नाहीं. हा अदमास कसा बांधतात व तो कोणीं बांधावा, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

प्रथम मागील वर्षांची वसुली पाहतात. म्हणूनच अंदाजपत्रकांत सरलेल्या वर्षाची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा सुधारलेला अंदाज व पुढील वर्षाचा नवा अंदाज हे आंकडे शेजारींशेजारीं मांडलेले असतात. मग ज्यावर कर बसतो तीं घरें, तो व्यापार, ती मिळकत किती वाढेल हें पाहून तीस कराचा दर लावतात. आणि मागणीपैकीं किती वसूल होईल हें अनुभवावरून ठरवितात. समजा, एका नगरांत १,००० घरें असून प्रत्येकाची घरपट्टी २,००० रुपये आहे. मागणी २० लाखांची झाली. परंतु शंभरांतील ८० घरेंच पट्टी भरीत असतील, तर हातीं १६ लाखच येतील. २० लाख धरून कामें काढलीं, तर ४ लाखांचें काम अपुरें राहील.

अंदाज कमी धरल्यानेंही अन्याय होतो. इ. स. १८८८ पासून मिठावर मणामागें अडीच रुपये कर होता. १९०२ सालीं नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर आपलें पहिलें भाषण केलें. त्या वेळीं सरकारास वर्षानुवर्षें शिल्लक उरत होती, व ती भरभराटीची खूण मानली जाई. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविलेल्या गोखल्यांनीं सरकारचेच आंकडे घेऊन दाखविलें कीं, कर गरजेपेक्षां जड ठेवल्यामुळें ही शिल्लक उरते. ती प्रजेच्या सुखाची खूण नव्हे. पुढें मिठाचा कर १९०३ मध्यें २ रुपये, १९०५ मध्यें दीड व १९०७ मध्यें १ रुपया झाला. कर उतरला तसा खप वाढला. म्हणून दर जितका उतरला तितकें उत्पन्न उतरलें नाहीं. अंदाज करणारानें हेंही ध्यानांत घ्यावें लागतें.

उलट दोषाचें उदाहरण अलीकडचें आहे. २०१८-१९ मध्यें केंद्र सरकारचें एकूण करउत्पन्न सुमारें २०.८० लाख कोटी रुपये होतें. जुलै २०१९ मध्यें नव्या वर्षासाठीं तें सुमारें २४.६१ लाख कोटी धरलें, म्हणजे १८ टक्के वाढ गृहीत धरली. पुढें व्यापार मंदावला, कंपन्यांवरील करही मध्येंच उतरविला गेला, आणि हातीं सुमारें २०.१० लाख कोटीच आले.

ज्यास खर्च करावयाचा आहे त्यानेंच जमेचा अंदाज बांधला, तर मन आशेकडे ओढ घेतें. म्हणून कित्येक देशांनीं हें काम, किंवा निदान त्याची तपासणी, स्वतंत्र मंडळाकडे सोंपविली. नेदरलंड्समध्यें असें मंडळ १९४५ सालीं निघालें. अमेरिकेंत १९७४ च्या कायद्यानें व इंग्लंडांत २०१० सालीं तशी व्यवस्था झाली. आपल्या देशांतही चौदाव्या वित्त आयोगानें व २०१७ मध्यें एन्. के. सिंह समितीनें स्वतंत्र वित्तीय परिषदेची शिफारस केली. महालेखापरीक्षक हिशेब तपासतात खरे, परंतु तें वर्ष सरल्यावर. परिषदेचें काम तें उजाडण्यापूर्वीं असतें.

मीरा-भाईंदर महानगरपालिका २००२ सालीं स्थापन झाली. तिच्यासारख्या संस्थेचें अंदाजपत्रकही याच रीतीनें बनतें. विद्यार्थिमित्रांनीं एखादें अंदाजपत्रक मिळवून गतवर्षीं धरलेली जमा व प्रत्यक्ष आलेली जमा शेजारींशेजारीं लिहून पाहावी. त्यास त्रैराशिकापलीकडचें गणित लागत नाहीं. गोखल्यांजवळही सरकारी आंकड्यांवांचून दुसरें साधन नव्हतें. तरी गरिबाच्या ताटांतील मिठाची बाजू त्यांनीं त्यावरच मांडली.