शंभर डबकी की एक तळे?

नकाशात कॅनडाच्या दक्षिणेकडील आल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा हे तीन प्रांत शोधून काढा. तेथून खाली अमेरिकेच्या डाकोटा राज्यांत उतरणारा विस्तीर्ण गवताळ प्रदेश म्हणजे प्रेअरी. भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही तो गव्हाचे कोठार म्हणून वाचला आहे. पक्ष्यांचे अभ्यासक मात्र त्याला ‘बदकांचा कारखाना’ म्हणतात. उत्तर अमेरिकेतील निम्मी किंवा त्याहूनही अधिक रानबदके या पट्ट्यात जन्माला येतात.

आता गंमत पाहा. येथील बऱ्याच भागात वर्षाकाठी जेमतेम ३० ते ५० सेंटीमीटर पाऊस पडतो. आपल्या सोलापुरातही याहून जास्त पडतो! शिवाय उन्हाळ्यात जेवढे पाणी पडते त्याहून अधिक वाफ होऊन जाते. मग पाणपक्ष्यांना पाणी मिळते तरी कोठून?

याचे उत्तर हिमयुगात आहे. सुमारे १० ते १२ हजार वर्षांपूर्वी येथील बर्फाचे प्रचंड थर वितळून मागे हटले. जाताना त्यांनी मातीचे व दगडगोट्यांचे ओबडधोबड ढीग मागे टाकले. त्यांत गाडले गेलेले बर्फाचे मोठमोठे तुकडे पुढे सावकाश वितळले आणि त्यांच्या जागी खळगे पडले. असे लाखो खळगे या प्रदेशात आहेत. हिवाळ्यात येथील जमीन खोलवर गोठते. वसंत ऋतूत वरचे हिम वितळते, पण खालची माती अजून गोठलेलीच असते. पाणी मुरणार कसे? ते उतारावरून वाहत जाऊन खळग्यात साचते. म्हणजे पावसाने नव्हे, तर मुख्यतः हिमाने ही डबकी भरतात.

डबके उथळ असणे हा त्याचा दोष नसून गुण आहे. एक चौरस मीटर पृष्ठभागावर पडणारी सूर्याची उष्णता डबक्यावर आणि खोल तळ्यावर सारखीच. पण अर्धा मीटर खोलीच्या डबक्यात त्या पृष्ठभागाखाली ५०० किलोग्रॅम पाणी असते, तर दहा मीटर खोल तळ्यात १०,००० किलोग्रॅम. डबके लवकर तापणार हे उघड आहे. कोमट पाण्यात चिलटांच्या अळ्या व इतर किडे भराभर वाढतात. अंडी घालणाऱ्या मादीला प्रथिने हवी असतात आणि ती येथे मिळतात. पुढे पिल्लेही याच किड्यांवर पोसतात. शिवाय कित्येक डबकी हिवाळ्यात तळापर्यंत गोठतात किंवा उन्हाळ्यात आटतात, त्यामुळे त्यांत मासे टिकत नाहीत. किड्यांना वाटेकरी कमी!

कोणी विचारेल, शंभर डबक्यांऐवजी तेवढ्याच क्षेत्रफळाचे एक तळे असले तर काय बिघडले? आपण हिशेब करू. एक चौरस किलोमीटरच्या गोल तळ्याचा परीघ सुमारे ३.५ किलोमीटर येतो. आता तेच क्षेत्र एक हेक्टरच्या शंभर गोल डबक्यांत वाटा. प्रत्येकाचा परीघ सुमारे ३५४ मीटर, म्हणजे शंभरांचा मिळून ३५ किलोमीटर! क्षेत्रफळ तेच, काठ दसपट. आणि बहुतेक बदकांचा संसार काठावरच चालतो. विणीच्या काळात नर आपल्या जोडीच्या आसपास दुसऱ्या नराला फिरकू देत नाही. एका तळ्यावर ज्या जोड्या भांडत बसतील, त्या शंभर डबक्यांवर सुखाने राहतात.

काठाचा उपयोग मात्र जो तो आपल्या परीने करतो. मॅलार्ड हे बदक पाण्यापासून दूर कोरड्या गवतात घरटे करते. कॅनव्हासबॅक पाण्यातच उभ्या असलेल्या पाणकणसाच्या दाटीत घरटे बांधते. फॅलारोप हा चिमुकला पक्षी पाण्यावर भोवऱ्यासारखा गरगर फिरतो. त्यामुळे वरचे पाणी बाजूला सरते, खालचे वर येते आणि त्याबरोबर वर आलेले किडे तो टिपतो. (या पक्ष्यांत अंडी नर उबवतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो.)

शेतकऱ्याला हेच खळगे अडचणीचे वाटतात, आणि त्याचेही काही खोटे नाही. प्रत्येक डबक्याला वळसा घालून ट्रॅक्टर चालवावा लागतो. म्हणून चर खणून पाणी काढून देतात, आणि लहान डबकी आधी जातात, कारण ती बुजवणे सोपे. क्षेत्रफळाच्या आकड्यांत हे नुकसान किरकोळ दिसते, पण काठ किती गेला ते वरच्या हिशेबावरून तुम्हीच ठरवा. आयोवा राज्यात १७८० ते १९८० या दोनशे वर्षांत दहापैकी सुमारे नऊ हिस्से पाणथळ जमीन नाहीशी झाली.

सर्वांत जास्त फटका बसला तो तलवार बदकाला. होय, हिवाळ्यात आपल्या जायकवाडीवर दिसते तेच. फक्त आपल्याकडची बदके मध्य आशिया व सायबेरियाकडून येतात. उत्तर अमेरिकेत १९५५ पासून वसंतात विमानातून बदकांची मोजदाद होते. तीत १९५६ साली तलवार बदके सुमारे एक कोटी भरली होती. २०२३ साली ती सुमारे २२ लाख निघाली. हे बदक वसंतात फार लवकर येते आणि गवत न शोधता गेल्या सालच्या गव्हाच्या धसकटांतच अंडी घालते. थोड्याच दिवसांत पेरणीचा ट्रॅक्टर तेथून फिरतो. म्हणून काही ठिकाणी शेतकरी आता शरद ऋतूतच गहू पेरतात. हे रोप हिमाखाली हिवाळा काढते आणि वसंतात वाढू लागते. मग ऐन विणीच्या दिवसांत त्या शेतात यंत्र नेण्याचे कारण उरत नाही.