गोदीत, फॅक्टरीत काम केलेल्यांचा दम आणि नुकसानभरपाईचा हक्क



आपल्या कोळीवाड्यांतल्या घराघरात एक तरी माणूस असा सापडतो, ज्याने मासेमारीसोबत किंवा मासेमारी सोडून मुंबईत नोकरी केली. कुणी गोदीत, कुणी जहाजदुरुस्तीत, कुणी दारूखान्यात जुनी जहाजं तोडायला, कुणी ब्रेक लायनर आणि सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या फॅक्टरीत. यांतल्या बऱ्याच कामांत अ‍ॅस्बेस्टॉस होतं. जहाजाच्या बॉयलरवर, गरम पाइपवर, इंजिनरूमच्या भिंतीवर उष्णता अडवायला जो पांढरा-करडा थर असायचा, गॅस्केट कापताना जी धूळ उडायची, ती बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉसची. आता त्याच माणसांना पन्नाशी-साठीनंतर जिना चढताना दम लागतो. सगळे म्हणतात, वय झालं, विडीमुळे असेल. पण कारण कामाचं असेल तर कायद्याने भरपाई मिळू शकते. ती कशी मागायची, ते आज सोप्या भाषेत सांगतो.

आजार कोणते?

अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना न दिसणारे बारीक. श्वासातून आत गेले की फुप्फुसात रुतून बसतात, विरघळत नाहीत. हळूहळू फुप्फुस घट्ट आणि कडक होत जातं. यालाच अ‍ॅस्बेस्टोसिस म्हणतात. फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. फुप्फुसावरच्या आवरणाचा कॅन्सर होतो, त्याला मेसोथेलिओमा म्हणतात. काम केल्यापासून आजार दिसेपर्यंत वीस ते चाळीस वर्षं जातात. म्हणजे १९८५ मध्ये खाल्लेली धूळ आत्ता त्रास देते. तोवर मुकादम गेलेला, ठेकेदार गायब, कधी कधी फॅक्टरीच्या जागी टॉवर. सगळी अडचण इथेच आहे. म्हणून भरपाईच्या केसमध्ये रिपोर्टइतकाच कामाचा पुरावा महत्त्वाचा.

हे फक्त परदेशातलं नाही. घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो नावाची ब्रेक लायनरची फॅक्टरी होती, ब्रिटनच्या टर्नर अँड न्यूऑल कंपनीची. पुढे तिचं नाव हिंदुस्थान कंपोझिट्स झालं. मुंबईतल्या अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्याच्या कामगारांची तपासणी डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली आणि तिचा अहवाल २००५ मध्ये छापून आला. तपासलेल्यांपैकी पाचात एकाहून जास्त कामगारांना अ‍ॅस्बेस्टोसिस निघाला. जहाजतोडणीतही तेच. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या तज्ञ समितीच्या २००६ च्या अहवालात, अलंगला अ‍ॅस्बेस्टॉस हाताळणाऱ्या कामगारांत सुमारे १६ टक्क्यांना अ‍ॅस्बेस्टोसिसची सुरुवात असल्याचं म्हटलं होतं.

कायदा काय म्हणतो?

अ‍ॅस्बेस्टोसिस, तसंच अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा, हे तिन्ही व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहेत. ही यादी १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात आणि १९४८ च्या ईएसआय कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या दोन्हींच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आली, त्यातही यादी आहेच. आपला आजार जुन्या काळातला असेल तर कोणता कायदा लागेल हे वकिलाकडून पक्कं करून घ्या.

२७ जानेवारी १९९५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल प्रत्येकाने लक्षात ठेवावा. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरने ही केस केली होती. कोर्टाने सांगितलं की कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यांत जे उशिरा संपेल तोवर ठेवायची. त्या केसमधल्या आजारी ठरलेल्या कामगारांना एक-एक लाख रुपये द्यायला लावले. तेव्हा फॅक्टरी म्हणाली की जुने रेकॉर्ड नष्ट केले, तर तिला लेखी विचारा की कधी आणि कशाच्या आधारे.

दावा कुठे करायचा?

पहिलं बघा, ईएसआय कापलं जात होतं का. पगाराच्या पावतीवर कपात दिसेल किंवा जुनं कार्ड असेल. कापलं जात असेल तर दावा ईएसआय कडे. तिथे वैद्यकीय मंडळ अपंगत्वाची टक्केवारी ठरवतं आणि दरमहा पैसे मिळतात. कामगार गेला असेल तर विधवा आणि इतर आश्रितांना आश्रित लाभ. तोच आजार घेऊन मालकावर वेगळी भरपाईची केस करता येत नाही, म्हणून आधी हेच तपासा.

ईएसआय नसेल तर मालकाविरुद्ध भरपाई आयुक्तांकडे अर्ज. मुंबईत हे काम कामगार न्यायालयात चालतं. तुम्ही आता रत्नागिरी-रायगडला राहायला आला असाल तरी राहत्या ठिकाणच्या आयुक्तांकडे अर्ज करता येतो. ठेकेदारामार्फत गोदीत किंवा यार्डात काम केलं असेल तरी घाबरू नका. ठेकेदार सापडत नसेल तर ज्याच्या आवारात काम झालं त्या मूळ मालकालाही जबाबदार धरता येतं.

किती मिळू शकतं?

कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. मृत्यू असेल तर ५० टक्के. ३ जानेवारी २०२० पासून हिशोबाला धरायच्या पगाराची मर्यादा १५,००० रुपये आहे. साठ वर्षांच्या माणसाचा आकडा ११७.४१. म्हणजे ९,००० गुणिले ११७.४१ = १०,५६,६९० रुपये. कमाईची ताकद ४० टक्केच गेली असं डॉक्टरने लिहिलं, तर याच्या ४० टक्के, म्हणजे ४,२२,६७६. ही फक्त हिशोब समजावी म्हणून दिलेली उदाहरणं, प्रत्येकाचा आकडा वेगळा. मालकाने महिन्याच्या आत पैसे भरले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि कारण पटलं नाही तर दंडही लागू शकतो.

मुदतीची खरी गोष्ट

दावा साधारण दोन वर्षांत करावा लागतो. आजाराने कामावरून सलग बाहेर बसावं लागलं, तो पहिला दिवस अपघाताचा दिवस धरतात. नोकरी सोडल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली तर लक्षण पहिल्यांदा आढळलं तो दिवस. मग वीस वर्षांनी आजार निघालेल्याचं काय? ही लढाई अवघड आहे, खोटी आशा देणार नाही. पण सबळ कारण असेल तर उशीर माफ करायचा अधिकार आयुक्तांना आहे, आणि आजार कामामुळे आहे हे आधी कळलंच नाही, हे मांडण्यासारखं कारण आहे. म्हणून डॉक्टरने पहिल्यांदा "कामामुळे" असं लिहिलं, त्या कागदाची तारीख फार मोलाची. ती तारीख मिळाली की एक दिवसही वाया घालवू नका.

आजपासून काय करायचं?

१. कामाचा पुरावा गोळा करा. गेट पास, हजेरी कार्ड, पगाराची पावती, पीएफ नंबर, बोनसची चिठ्ठी, युनियनची पावती. काहीच नसेल तर सोबत काम केलेल्या दोन-तीन जणांचे जबाब लिहून घ्या, ते हयात आहेत तोवर.

२. डॉक्टरला कामाची पूर्ण हकीकत सांगा. कुठे, किती वर्षं, कोणती धूळ. आपण सांगितलं नाही तर डॉक्टर टीबी किंवा दमा धरून औषध देतात. टीबीच्या गोळ्या खाऊनही फरक पडत नसेल, तर छातीरोग तज्ञाकडून एचआरसीटी आणि फुंकून बघायची तपासणी करून घ्या.

३. अ‍ॅस्बेस्टोसिस विडीने होत नाही. मालकाचा वकील विडीचं निमित्त पुढे करील, डरू नका. मात्र विडी सोडाच, कारण अ‍ॅस्बेस्टॉस आणि विडी दोन्ही असली की कॅन्सरचा धोका फार वाढतो.

४. जुने एक्स-रे, सीटीच्या सीडी, बायोप्सीचा नमुना फेकू नका. माणूस गेला तर मृत्यूच्या दाखल्यात मूळ आजार लिहिला आहे का ते पाहा. नुसतं "हृदय बंद पडलं" एवढंच असेल तर केस कमकुवत होते.

५. कुणी घरी येऊन पन्नास हजार हातात ठेवून सही मागेल. सही करू नका. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे जमा व्हावी लागते, आणि हक्क सोडून देणारा करार कायद्यात टिकत नाही.

६. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. औद्योगिक कामगार आणि महिला, दोघांनाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

नाखव्यांसाठी शेवटचं

जुन्या बोटींच्या सायलेन्सरवर पांढरी दोरी किंवा कापड गुंडाळलेलं असेल तर ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. खलाशाला सुकं ओरबाडायला लावू नका. ओलं करून, जाणत्या माणसाकडून काढून घ्या आणि पिशवीत बंद करा. नवीन लावताना काचधाग्याची दोरी घ्या. खलाशी हा आपला कामगार आहे, त्याच्या आरोग्याची जबाबदारी आपल्यावरच येते.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आज एवढंच विचारा, "नोकरी कुठे केलीत, आणि काय हाताळत होतात?" ट्रंकेतला जुना गेट पास अजून सापडू शकतो. ही माहिती आपल्या वाड्यातल्या ग्रुपवर टाका आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.