तहनामा मुंबईत, मतदान उल्हासकाठी

कल्याण स्थानक मागे टाकून लोहमार्ग कर्जतच्या दिशेने वळला, की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक इतक्या लगटून येतात, की एका नगराची हद्द कोठे संपली आणि दुसऱ्याची कोठे सुरू झाली हे खिडकीशी बसलेल्या उतारूला सांगता येत नाही. निवडणूक आयोगाच्या दप्तरात मात्र ही सलग वस्ती अनेक तुकड्यांत वाटली गेली आहे. उल्हासनगर हा एक विधानसभा मतदारसंघ, अंबरनाथ हा अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला दुसरा, आणि बदलापूर तर थेट माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या मुरबाड मतदारसंघात. शिवाय उल्हासनगर शहराचा काही भाग कल्याण पूर्व मतदारसंघाला जोडलेला. लोकसभेच्या वेळी उल्हासनगर व अंबरनाथ कल्याणच्या खासदाराकडे पाहतात, बदलापूर भिवंडीच्या. सकाळच्या त्याच लोकलमध्ये, त्याच दाराशी, खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसे मतदानाच्या दिवशी वेगवेगळ्या उमेदवारांचा निवाडा करतात, आणि हे ध्यानी घेतल्यावाचून २०२४ सालच्या विधानसभा निवडणुकीचा या भागातील अर्थ उमगत नाही.

त्या निवडणुकीची राज्यव्यापी पार्श्वभूमी वाचकांस परिचित आहे. २०१९ साली भाजप आणि शिवसेना यांच्या युतीस बहुमत मिळूनही मुख्यमंत्रिपदाच्या वादावरून ती मोडली व शिवसेना, राष्ट्रवादी काँग्रेस आणि काँग्रेस यांची महाविकास आघाडी सत्तेवर आली. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या बंडाने शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये अजित पवार यांच्या बंडाने राष्ट्रवादी दुभंगली. आयोगाने धनुष्यबाण शिंदे यांच्या पक्षाला आणि घड्याळ अजित पवार यांच्या पक्षाला बहाल केले. अशा रीतीने महायुतीच्या छत्राखाली भाजपचे कमळ, धनुष्यबाण व घड्याळ, तर महाविकास आघाडीच्या छत्राखाली काँग्रेसचा हात, ठाकरे यांच्या शिवसेनेची मशाल व शरद पवारांच्या पक्षाचा तुतारी वाजवणारा माणूस अशी प्रत्येकी तीन प्रमुख चिन्हे एकत्र आली.

परंतु ही सहाही चिन्हे कोणत्याही एका मतदाराच्या वाट्याला येत नाहीत, ही गोष्ट वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून निसटते. जागावाटप नावाचा जो तहनामा मुंबईत होतो, त्यात प्रत्येक आघाडी एका मतदारसंघासाठी एकच चिन्ह मुक्रर करते. उल्हासनगर व मुरबाड येथे कमळापुढे तुतारी उभी राहिली, अंबरनाथमध्ये धनुष्यबाणापुढे मशाल, कल्याण पूर्वमध्ये कमळापुढे मशाल. याचा अर्थ असा, की विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंतच्या एवढ्या विस्तीर्ण वस्तीत काँग्रेसच्या निष्ठावंत मतदाराला हात कोठेच सापडला नाही, आणि अजित पवारांच्या अनुयायाला घड्याळही नाही. ज्यांनी आयुष्यभर एकाच चिन्हावर मत दिले, अशा वृद्ध माणसांना मतदानयंत्रावर त्या चिन्हाचा शोध घ्यावा लागावा आणि ते तेथे नाहीच असे आढळावे, ही किरकोळ बाब आहे असे मला वाटत नाही. मतदाराने मत देण्यापूर्वीच त्याच्या पसंतीचा बराचसा भाग कोणीतरी दूरच्या बैठकीत निकालात काढलेला असतो.

या वाटपाची खरी घटिका उमेदवारी अर्जाच्या अखेरच्या दिवशी येते. त्या वर्षी ती २९ ऑक्टोबरला आली. पक्षाच्या वतीने सही करण्याची मुखत्यारी कोणाला दिली आहे हे 'ए' अर्जात लिहिलेले असते, आणि पक्षाने अधिकृत केलेल्या उमेदवाराचे नाव 'बी' अर्जात. हे दोन कागद, ज्यांना सारे कार्यकर्ते एका दमात 'एबी फॉर्म' म्हणतात, दुपारी तीनच्या ठोक्याआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पडले नाहीत तर वर्षानुवर्षांची मेहनत अपक्षाच्या रकान्यात जाऊन पडते. त्यानंतर ४ नोव्हेंबर, म्हणजे अर्ज मागे घेण्याची मुदत, उजाडेपर्यंत नाराजांची मनधरणी चालू राहते. जो ऐकतो त्याला पुढील खेपेचा शब्द मिळतो, आणि जो ऐकत नाही तो बंडखोर ठरतो.

उल्हासनगरला या साऱ्याची सवय इतर कोणत्याही शहरापेक्षा अधिक असावी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी उभारलेली बराकींची छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून तिचे नगर झाले, तरी पाच कॅम्पांचे आकडे लोकांच्या तोंडी आजही टिकून आहेत. पत्ता सांगताना माणूस रस्त्याचे नाव नंतर सांगतो, कॅम्पचा नंबर आधी. जागेची तंगी, मालकी हक्काच्या कागदांचा घोळ आणि व्यापाराची भरभराट यांतून या नगरात बेकायदा इमारतींचे जे पेव फुटले, ते अखेर न्यायालयात गेले, आणि त्यांतील बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याच्या विधिमंडळास २००६ साली केवळ उल्हासनगरपुरता एक स्वतंत्र कायदा करावा लागला. एका शहराच्या घरांसाठी राज्याने वेगळा कायदा करावा, याहून विधानसभेचे महत्त्व पटवणारा दाखला शोधून सापडणार नाही. पुढे स्लॅब कोसळून माणसे दगावण्याचे प्रसंग या नगराने पाहिले, आणि ज्यांची घरे कायद्याच्या आश्रयास येऊ शकतात पण आलेली नाहीत अशा कुटुंबांना उमेदवाराचा जाहीरनामा म्हणजे डोक्यावरच्या छपराचा प्रश्न असतो.

याच नगरात पक्षांतराचा इतिहास एका घराण्याच्या चरित्रात वाचता येतो. सुरेश ऊर्फ पप्पू कलानी १९९० साली काँग्रेसचे आमदार झाले, पुढे तुरुंगात असतानाही अपक्ष म्हणून निवडून आले, आणि २००४ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या आठवले गटाकडून विधानसभेत गेले. २००९ साली भाजपचे कुमार आयलानी यांनी त्यांचा पराभव केला. २०१४ मध्ये पप्पू कलानी यांच्या पत्नी ज्योती कलानी यांनी राष्ट्रवादीच्या चिन्हावर आयलानींना सुमारे दोन हजार मतांनी हरवले, आणि २०१९ मध्ये तितक्याच अल्प फरकाने आयलानींनी ती जागा परत घेतली. याच काळात पप्पू कलानींचे चिरंजीव ओमी यांच्या गटाने महापालिकेत भाजपशी हातमिळवणी केली, ओमी यांच्या पत्नी भाजपच्या महापौर झाल्या, आणि २०१९ च्या अखेरीस त्याच गटाच्या पाठिंब्याने शिवसेनेचा महापौर निवडला गेला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ओमी कलानी यांचा गट शिंदे यांच्या पक्षाचे खासदार श्रीकांत शिंदे यांच्या बाजूने उभा होता. सहा महिन्यांत तेच ओमी तुतारी घेऊन महायुतीविरुद्ध रिंगणात उतरले आणि आयलानींकडून तीस हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. या इतिहासावरून उल्हासनगरच्या मतदाराला चंचल ठरवणे अन्यायाचे होईल. पंधरा वर्षे हा मतदार वस्तुतः दोनच नावांमध्ये निवड करीत आला. चिन्हे आणि आघाड्या त्या नावांभोवती फिरत राहिल्या.

अंबरनाथची प्रकृती निराळी आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख मिरवणारे शिलाहारकालीन शिवमंदिर वालधुनी नदीच्या काठी, आणि त्याच गावात संरक्षण खात्याचा दारुगोळा कारखाना, काड्यापेट्यांचा जुना कारखाना व औद्योगिक वसाहत: अशा गिरणगावाच्या धाटणीच्या श्रमिक नगरात शिवसेनेने नव्वदच्या दशकापासून पाय रोवले. साबीर शेख यांना याच मतदारसंघाने तीन वेळा निवडून दिले, आणि १९९५ च्या युती सरकारात ते कामगारमंत्री झाले. शिवचरित्रावर तन्मयतेने बोलणारा हा मुसलमान शिवसैनिक अंबरनाथने आपला मानला, ही आठवण आजच्या वातावरणात पुन्हा सांगण्याजोगी आहे. २००९ पासून तेथे डॉ. बालाजी किणीकर सलग निवडून येत आहेत. २०२४ मध्ये धनुष्यबाण त्यांच्या हाती आणि मशाल राजेश वानखेडे यांच्या हाती होती. किणीकर पन्नास हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. ज्या शाखेत एकाच फलकाखाली बसून पाण्याच्या तक्रारी लिहून घेतल्या, त्याच शाखेतील दोन कार्यकर्त्यांना मतदान केंद्राबाहेर दोन वेगवेगळ्या टेबलांवर मतदारांच्या चिठ्ठ्या शोधत बसावे लागणे, हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना पक्षफुटीची किंमत आकड्यांवाचून कळते.

बदलापूरविषयी लिहिताना लेखणी जड होते. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, आणि २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात रुळांवर उतरून सकाळपासून संध्याकाळपर्यंत रेल्वे रोखून धरली. त्या गर्दीत कोणत्याही पक्षाचा झेंडा प्रमुख नव्हता. रोज साडेपाचची, सहाची गाडी पकडणारी सामान्य माणसे, पुष्कळ स्त्रिया, आणि हातात सरकारच्या लाडकी बहीण योजनेचा उल्लेख करून आम्हांस पैशांपेक्षा सुरक्षितता हवी असे बजावणारे फलक. मंत्र्यांची रदबदली चालली नाही, आणि अखेर पोलिसांनी लाठीमार करून मार्ग मोकळा केला. या घटनेनंतर तीनच महिन्यांत निवडणूक झाली. भाजपचे किसन कथोरे यांनी राष्ट्रवादी शरद पवार पक्षाचे सुभाष पवार यांना पन्नास हजारांहून अधिक मतांनी हरवले, आणि बाहेरगावच्या विश्लेषकांनी बदलापूर सारे विसरले असा निष्कर्ष काढला. मला तो निष्कर्ष मान्य नाही. २००४ मध्ये अंबरनाथमधून आणि २००९ मध्ये मुरबाडमधून राष्ट्रवादीच्या चिन्हावर, मग २०१४ पासून कमळावर निवडून येणाऱ्या कथोरे यांचा गावोगावचा संपर्क हे एक कारण. आणि दुसरे असे, की बदलापूरच्या रुळांवरचा संताप ज्या मतपेटीत पडायचा, तीत मुरबाडच्या डोंगराळ पाड्यांचे रस्ते, शेती आणि पाणी यांचेही गाऱ्हाणे पडत होते. त्या संतापाला स्वतःचा असा मतदारसंघच नव्हता.

मित्रपक्षांतील वैराचा कळस या पट्ट्याने त्याच वर्षाच्या आरंभी पाहिला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, कल्याण पूर्वचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिंदे यांच्या पक्षाचे शहरप्रमुख महेश गायकवाड यांच्यावर जमिनीच्या वादातून गोळ्या झाडल्याचा आरोप झाला आणि आमदारांना अटक झाली. नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी भाजपने आमदारांच्या पत्नी सुलभा गायकवाड यांना उमेदवारी दिली, महेश गायकवाड अपक्ष म्हणून उभे राहिले, आणि मशालीला मागे सारून खरी लढत महायुतीच्याच या दोन शाखांत झाली. जिंकल्या सुलभा गायकवाड.

राज्याचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला, तेव्हा भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा होत्या. तिकडे ठाकरे यांच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवारांच्या पक्षाला १०. सहाच महिन्यांपूर्वी लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा जिंकणाऱ्या आघाडीची ही अवस्था झाली. आघाड्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. १९५७ च्या संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे परस्परांशी कडवे मतभेद असलेले पक्ष एका मागणीसाठी एकत्र आले होते, आणि ती मागणी काय आहे हे खेड्यातल्या मतदाराला ठाऊक होते. आजच्या दोन्ही आघाड्यांना विचारले, की कल्याण ते बदलापूर तिसरी व चौथी मार्गिका केव्हा पुरी होईल, वालधुनी केव्हा स्वच्छ होईल, उल्हास नदीच्या पुरापासून बदलापूरच्या सखल वस्त्यांचे रक्षण कसे होईल, तर एका खासदाराचे उत्तर दुसऱ्याच्या हद्दीशी येऊन थांबते.

आणखी एका गोष्टीने या निवडणुकीचे ओझे वाढवले होते. अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांची मुदत २०२० मध्ये, आणि उल्हासनगर महापालिकेची २०२२ मध्ये संपली होती; तिन्ही ठिकाणी कारभार प्रशासकाच्या हाती होता. नगरसेवकच नसल्यामुळे तुंबलेल्या गटाराची, न येणाऱ्या पाण्याची आणि खड्ड्यांची तक्रार घेऊन लोक आमदाराच्या कार्यालयात जात होते, आणि ज्या मताने राज्याचे सरकार ठरायचे त्याच मताने नळाचाही हिशेब चुकता करावा लागत होता. पाच वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, डिसेंबर २०२५ मध्ये, अंबरनाथ व बदलापूर येथे एकदाचे नगरपरिषदेचे मतदान झाले. वर्षापूर्वी एकाच व्यासपीठावरून मते मागणारे भाजप आणि शिंदे यांची शिवसेना या वेळी परस्परांविरुद्ध लढले, दोन्ही गावांचे नगराध्यक्षपद भाजपने जिंकले, आणि अंबरनाथमध्ये शिंदे यांच्या पक्षाला सत्तेबाहेर ठेवण्यासाठी भाजपने काँग्रेसच्या नगरसेवकांशी आघाडी केली. काँग्रेसने आपल्या बारा नगरसेवकांना निलंबित केले, तेव्हा ते भाजपमध्ये दाखल झाले.